‘लवकरच’ म्हणजे किती वाजता?

माझ्या फोनमध्ये एक फोल्डर आहे. त्यात २०२० पासून जमवलेले स्क्रीनशॉट आहेत आणि ते सगळे एकाच प्रकारच्या मजकुराचे आहेत: गेम बंद राहणार असल्याच्या सूचना. कुठला गेम किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद, कशासाठी बंद, तोवर काय करू नका, उघडल्यावर काय मिळेल. मित्र हसतात. लोक कवितेच्या ओळी जपतात, तू हे काय जपतोस, म्हणतात. पण माझ्या आजूबाजूच्या पोरांनी गेल्या काही वर्षांत सर्वांत मन लावून वाचलेलं गद्य कोणतं असेल, तर ते हेच. परीक्षेच्या आदल्या रात्री धडासुद्धा कोणी इतका नीट वाचत नाही. ज्या मजकुराला एवढे वाचक आहेत, त्याची समीक्षा कोणीतरी करायला हवी. म्हणून हा खटाटोप.

मी पेठचा. नाशिकहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मध्ये सावळघाट, पुढे गेलं की गुजरात. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन उतरणी उतरतात. भात, नागली, वरई निघाली की अर्धा तालुका दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातो. लाइट जाते, रेंज जाते, गाडी येत नाही. यातलं बहुतेक काही आधी सांगून होत नाही. झालं की कळतं. लाइट गेल्यावर आमच्याकडे पहिला प्रश्न ‘का गेली’ हा नसतो, ‘शेजारची पण गेली का’ हा असतो. शेजारची गेली असेल तर माणूस निवांत बसतो.

अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला एक दिवस फोनच्या पडद्यावर कोणीतरी सांगतं: परवा इतक्या वाजता आम्ही बंद करणार, इतक्या वाजता पुन्हा सुरू करणार, तुमची गैरसोय होईल त्याबद्दल माफ करा, आणि हे घ्या थोडी भरपाई. आमच्या गल्लीतल्या एका पोराने मला ही सूचना दाखवली तेव्हा तो दहावीत होता. त्याला तिच्यात एकच गोष्ट खटकली होती. “दादा, हे आपल्याला कशाला माफी मागतायत?”

हा प्रश्न मला आजही पुरतो. त्या सूचनेत लिहिणारा वाचणाऱ्याला कोण समजतो, हेच त्या पोराने विचारलं होतं.

सुरुवात एका अगदी छोट्या वाक्यापासून करू. मोठ्या अपडेटच्या दिवशी फ्री फायर उघडायला गेलं की इंग्रजीत एक ओळ येते. मराठीत तिचा अर्थ: सर्व्हर लवकरच तयार होईल. बस. खाली ‘ओके’चं बटण. ओके दाबलं की पुन्हा तेच. भारतात या मोठ्या अपडेटचा मेंटेनन्स साधारण सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि संपता संपता संध्याकाळचे पाच-साडेपाच होतात. म्हणजे हा ‘लवकरच’ जवळजवळ आठ तासांचा असतो. वेळ जाहीर केलेली असते, नाही असं नाही. पण ती दुसरीकडे, कंपनीच्या सोशल मीडियावर आणि बातम्यांत. दारावर मात्र नुसतं ‘लवकरच’.

‘लवकरच’ हा मराठी माणसाच्या चांगला ओळखीचा शब्द आहे. रस्ता लवकरच, पूल लवकरच, पैसे खात्यात लवकरच. हा शब्द वेळ सांगतो असं वाटतं. करतो मात्र उलटं. वेळ विचारण्याचा तुमचा हक्कच तो गुंडाळून ठेवतो. आमच्या आधीच्या पिढीला दूरदर्शनवरची ‘व्यत्यय’ ही पाटी आठवते. कार्यक्रम मध्येच तुटायचा आणि पाटी यायची. ती पाटी निदान प्रामाणिक होती. काहीतरी बिघडलंय, एवढंच ती सांगायची. बिघाड कुणी ठरवून करत नाही, त्यामुळे आधी सांगायचा प्रश्न नव्हता. मेंटेनन्स ठरवून होतो. ठरवून केलेल्या गोष्टीला ‘व्यत्यया’ची भाषा वापरणं ही पहिली लबाडी.

आता चांगला नमुना कुठला, असं कोणी विचारलं तर मी गेमकडे जाणार नाही, मुंबईच्या लोकलकडे जाईन. मराठीत मेंटेनन्सच्या सूचनेचा सर्वांत मुरलेला प्रकार म्हणजे रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी. शनिवारच्या पेपरात ती येते. माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाउन जलद मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५, असा तिचा थाट. मग या काळात जलद गाड्या धीम्या मार्गावरून जातील, अमुक स्थानकांवर थांबतील, इतकी मिनिटं उशीर होईल. हार्बरवर ब्लॉक असेल तर हार्बरचं तिकीट-पास असलेल्यांना मुख्य मार्गाने जाण्याची मुभा. ही भाषा कोरडी आहे, एकही विशेषण नाही. पण तिच्यात वाचणाऱ्याच्या डोक्यातल्या प्रत्येक प्रश्नाची जागा आधीच भरलेली असते: मी कुठे अडकेन, किती वेळ, आणि मग दुसरा रस्ता कोणता? २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी ठाण्यात फलाट रुंद करण्यासाठी ६३ तासांचा आणि सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा ९३० लोकल रद्द होणार हे आधी जाहीर झालं आणि जमेल तिथे कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्या, असं आवाहनही रेल्वेने केलं. शिव्या पडल्याच. पण शिव्या कोणत्या तारखेला द्यायच्या हे लोकांना आधीच माहीत होतं.

११.०५ मधल्या त्या पाचाकडे पाहा. अकरा असं नाही, अकरा पाच. शेवटची गाडी निघून गेल्यावरचा क्षण कोणीतरी मोजलाय.

गेममध्ये याच्या जवळ जाणारी जुनी उदाहरणं आहेत. रुनस्केपमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात सिस्टिम अपडेटला किती वेळ उरला त्याचं उलटं घड्याळ चालू होतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सर्व्हर बंद होण्याआधी इतकी मिनिटं राहिली, आता इतकी, असे पिवळे संदेश चॅटमध्येच येत राहतात. याला मी दवंडी म्हणतो. दवंडीवाला तुम्ही जिथे आहात तिथे येतो. तुम्ही भाकरी थापत असाल, तरी आवाज आत येतो. याउलट ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना. तिला तुम्ही शोधत जायचं. आजचे बरेच मोबाइल गेम फळ्याच्या बाजूला गेलेत. सूचना असते, पण ती एक्सवर, डिस्कॉर्डवर, इन्स्टाग्रामच्या स्टोरीत. आमच्याकडची निम्मी पोरं डिस्कॉर्ड वापरत नाहीत. त्यांना गेम उघडल्यावरच कळतं की गेम उघडत नाही.

ईव्ह ऑनलाइनचं तर वेगळंच. आइसलँडच्या कंपनीचा हा अवकाशातला गेम रोज, ठरलेल्या वेळी, यूटीसी अकरा वाजता थोडा वेळ बंद होतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार. रोजच बंद होतो म्हटल्यावर सूचना कशाला? देवळात दुपारी देव झोपतात, दार लावलेलं असतं, त्याची नोटीस कोणी लावत नाही. खेळाडू त्या वेळेभोवती आपापले डाव आखतात.

भाषेकडे येऊ, कारण समीक्षा करायची तर ती तिथेच. आपल्या सरकारी मराठीतली सूचना घ्या. ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे, नागरिकांनी सहकार्य करावे.’ यात बंद कोण ठेवतंय? कोणीच नाही. ‘ठेवण्यात येणार आहे.’ पाणी जणू स्वतःहून थांबतं. कारण ‘तांत्रिक’ किंवा त्याहून भारी, ‘अपरिहार्य’. आणि शेवटी क्रियापद येतं ते वाचणाऱ्यासाठी: करावे. संपूर्ण मजकुरात काहीतरी करण्याची जबाबदारी असलेला एकच माणूस, तो म्हणजे ज्याच्याकडे पाणी येणार नाही तो.

गेनशिन इम्पॅक्टची अपडेटची सूचना याच्याशेजारी ठेवून बघा. तिथे ‘आम्ही’ असतो. आम्ही मेंटेनन्स करणार आहोत, तुमच्या गैरसोयीबद्दल भरपाई देणार आहोत. वाचणाऱ्याला ‘प्रवासी’ म्हणून हाक मारलेली असते, कारण गेममध्ये तुमची भूमिकाच ती. (रेल्वेही आपल्याला प्रवासीच म्हणते, पण तिच्या ‘प्रवाशांनी कृपया’मध्ये ती ऊब नाही.) क्लॅश ऑफ क्लॅन्स तुम्हाला ‘चीफ’ म्हणतो. दहावीतल्या पोराला त्याआधी कोणी चीफ म्हणालेलं नसतं. गेनशिनच्या सूचनेत सुरू होण्याची वेळ असते, अंदाजे पाच तास असं लिहिलेलं असतं, आणि भरपाईचा दर असतो: बंद असलेल्या प्रत्येक तासाला ६० प्रायमोजेम. दर ठरलेला आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोणीतरी कुठेतरी बसून, तुमचा एक तास गेला तर त्याची किंमत काय, हा हिशेब मांडला. आमच्या तालुक्यात अजून हा हिशेब कोणी मांडलेला मी पाहिला नाही.

पण भाबडेपणा नको. पाच तासांचे ३०० होतात आणि एका ‘विश’ला, म्हणजे नवीन पात्र मिळण्याच्या एका सोडतीला, १६० लागतात. दोन विशना ३२०. म्हणजे पाच तासांच्या भरपाईत दोन सोडती होत नाहीत, वीस कमी पडतात. बग दुरुस्तीचे म्हणून आणखी ३०० मिळतात ती गोष्ट निराळी. तेव्हा तीन होतात आणि वर १२० शिल्लक राहतात. पुन्हा चाळीस कमी. हा आकडा योगायोगाने असा असेल तर मी माझा फोल्डर डिलीट करीन. भरपाई म्हणून दिलेली गोष्ट तुम्हाला दुकानाच्या दारापर्यंत आणून सोडते. ती माफी खोटी आहे असं मी म्हणत नाही. दुकानदारही गिऱ्हाइकाला बसायला सांगतो, पाणी विचारतो, आणि ते पाणी खरंच थंड असतं.

पैसे देणाऱ्या खेळाडूची गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही नोंदवलं पाहिजे. फायनल फँटसी चौदाला दर महिन्याची वर्गणी असते. २०२१ च्या डिसेंबरात एंडवॉकर आलं आणि रांगा इतक्या लांबल्या की लोक तासन्‌तास आत शिरायची वाट बघत बसले. कंपनीने आधी सात दिवस आणि नंतर आणखी चौदा दिवस फुकट दिले, शिवाय गेमची विक्रीच काही काळ थांबवली. नवीन गिऱ्हाईक नको, आधी जुन्यांना आत घेऊ. तिथे भरपाई वेळेची होती आणि वेळेतच दिली. रत्नं, नाणी, पेट्या नाही. दिवस गेले त्याबद्दल दिवस. फुकट गेमच्या खेळाडूला मात्र नाणीच. त्याचा वेळ कंपनीने कधी विकलेला नाही, त्यामुळे परत द्यायचाही प्रश्न नाही, असा त्यामागचा सरळ हिशेब.

आता त्या आमच्या पोराकडे परत यायला हवं, कारण वरचं सगळं मी त्याच्यामुळे नीट वाचायला शिकलो.

त्याच्या गेमच्या सूचनेत वेळ असायची ती यूटीसीमध्ये. शून्य वाजता बंद, साडेचारला सुरू. पहिल्या वेळी त्याने मला विचारलं तेव्हा मी मोठ्या माणसासारखं “पाच तास मिळव” असं सांगून टाकलं. पहाटे पाचला तो शेवटचा डाव टाकून घ्यायला बसलाच नाही, बंद झाला असेल म्हणून. मग त्यानेच शोधून काढलं आणि मला ऐकवलं, “दादा, पाच नाही, साडेपाच.” आपल्या देशाचं घड्याळ अर्ध्या तासावर अडकलेलं आहे, हे मला भूगोलाच्या पुस्तकातून माहीत होतं, त्याला ते गेममधून अंगवळणी पडलं. पुढे तोच त्यांच्या ग्रुपचा दवंडीवाला झाला. इंग्रजी सूचना आली की तो व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत टाकायचा. त्यातली एक मी जपून ठेवली आहे:

“उद्या पहाटे साडेपाच ते दहा गेम बंद. साडेपाचच्या आधी मॅच चालू करू नका, अर्धी राहील आणि रँक जाईल. ज्याचा पास संपतोय त्याने आजच बक्षीस काढून घ्या. अपडेट मोठी आहे, नेट वाचवून ठेवा.”

मूळ इंग्रजी सूचना चौदा ओळींची होती. त्यात ‘खेळाचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी’ वगैरे होतं. पोराने ते सगळं गाळलं आणि दोन गोष्टी घातल्या. अर्धी राहिलेली मॅच आणि नेट. अर्ध्या मॅचबद्दल मुळात एक मोघम ओळ होती. त्याने ती ‘रँक जाईल’ इथपर्यंत नेली, कारण वाचणाऱ्याला भीती कशाची आहे हे त्याला माहीत होतं. आणि नेटबद्दल मुळात जे होतं ते असं: शक्यतो वाय-फायवरून आधीच डाउनलोड करून ठेवा. आमच्याकडे वाय-फाय कोणाकडे? रोजचा ठरावीक डेटा असतो, तो रात्री बाराला नवा होतो. जीबीभर अपडेट उतरवली की त्या दिवसाचं खेळणं संपलं. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात जो वाचक बसलेला आहे त्याच्या घरात राउटर आहे, चार्जर लावलेला आहे, आणि टेकडी चढून रेंज शोधावी लागत नाही. अनुवादात वाचक बदलला की मजकूर बदलतो, हे आपण भाषांतराच्या चर्चांत ऐकतो. त्या पोराने ते करून दाखवलं आणि त्याला त्याचं नावही ठाऊक नाही.

एकदा मात्र सगळं बिघडलं. तेव्हा तो सुटी पडली की टोळीबरोबर बागेत जात असे. छाटणीनंतर बागेत विरळणी, डिपिंग असली कामं निघतात आणि ती पहाटेपासून असतात. सुटीचा दिवस कधी मिळेल ते आदल्या रात्री कळतं, तेही मुकादमाच्या फोनवर. तसा एक दिवस मिळाला. तो घरी आला होता. मेंटेनन्स दहाला संपणार होता. हा दहाला टेकडीवर, रेंजच्या जागेवर जाऊन बसला. गेम उघडेना. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. वेळ वाढवली होती, पण वाढवल्याची सूचना गेममध्ये नव्हती, कंपनीच्या पानावर होती, आणि ते पान उघडायचं तर पुन्हा नेट जाणार. दीडला गेम उघडला आणि अपडेट उतरायला लागली. ती उतरून झाली तेव्हा दिवसाचा डेटा संपला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बागेत. भरपाईची पेटी आली होती. ती सात दिवसांत उघडायची होती. तो पंधराव्या दिवशी घरी आला.

तो चिडला नाही. मलाच राग आला. तो म्हणाला, “लाइटीपेक्षा बरं, सांगतात तरी.” त्याच्या या वाक्याशी मी अजून भांडतोय. एका बाजूने ते बरोबर आहे. दुसऱ्या बाजूने, सांगण्याची सवय एकदा लागली की सांगितलं म्हणजे झालं, असं वाटायला लागतं. वेळ वाढवल्याची दुसरी सूचना ही पहिल्या सूचनेपेक्षा महत्त्वाची असते, कारण पहिल्या सूचनेवर विश्वास ठेवून माणूस टेकडी चढलेला असतो.

मोठ्या बंदच्या वेळी तर हे फार उघडं पडलं. माझ्या फोल्डरातला पहिला स्क्रीनशॉट पबजी मोबाइलचा. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. दुकानातून अ‍ॅप गेलं, पण ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांचं चालत राहिलं. जवळजवळ दोन महिने कोणालाच नीट माहीत नव्हतं की चालू आहे म्हणजे काय. मग २९ ऑक्टोबरला निवेदन आलं की ३० ऑक्टोबरपासून भारतातली सेवा बंद. एक दिवस. चार-साडेचार तासांच्या अपडेटसाठी दोन दिवस आधी सांगायची या धंद्यात रीत आहे, आणि वर्षानुवर्षांच्या खेळासाठी एक दिवस. लॉकडाउनमध्ये शाळा बंद असताना ज्यांच्याशी रोज बोलणं व्हायचं ते सुरतचे, नांदेडचे, कुठलेकुठले भिडू केवळ त्या फ्रेंडलिस्टमध्ये होते. नंबर घेतलेले नव्हते. पुढच्या वर्षी बीजीएमआय आलं, जुना डेटा तिथे नेता आला, स्किन परत आल्या. सगळे भिडू आले नाहीत.

२०२२ च्या फेब्रुवारीत ५४ अ‍ॅपच्या यादीत फ्री फायर गेलं, मॅक्स राहिलं. त्याच वर्षी २८ जुलैला बीजीएमआयच दुकानांतून गायब झालं. जाण्याआधी खेळाडूंना कोणी काही सांगितलं नाही, आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आलं ते तीन महिन्यांच्या बोलीवर, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास अशा अटींसकट. बंदी बरोबर की चूक, हा या लेखाचा विषय नाही, आणि सरकारने बंदीची तारीख आधी छापावी असंही मी म्हणणार नाही. माझं म्हणणं मजकुरापुरतं आहे. सर्व्हर चार तास बंद करताना लांबलचक माफी लिहिणारी भाषा मोठ्या बंदच्या वेळी अचानक मुकी होते. म्हणजे ती माफी तुमच्या वेळेची नव्हती. तुम्ही उद्या परत येणार आहात, याची होती.

शेवटही चांगला लिहिता येतो, याची उदाहरणं आहेत. फायनल फँटसी चौदाची पहिली आवृत्ती फसली होती. ११ नोव्हेंबर २०१२ ला तिचे सर्व्हर बंद केले, पण बंद होणं त्यांनी कथेतच घातलं: आकाशातला लाल चंद्र दिवसेंदिवस मोठा होत गेला आणि शेवटी जग जळालं. खेळाडूंना महिने आधी माहीत होतं. ते एकत्र जमून वर बघत उभे राहिले. फोर्टनाइटने २०१९ च्या १३ ऑक्टोबरला उलटं केलं. सगळं जग एका कृष्णविवरात ओढलं गेलं आणि पडद्यावर नुसतं ते काळं वर्तुळ राहिलं, दोनेक दिवस. सूचना नाही, वेळ नाही, कंपनीने आपल्या जुन्या पोस्टसुद्धा काढून टाकल्या. जगभर वाहवा झाली. मलाही ते आवडलं होतं. पण मेंटेनन्सलाच नाटक करायची चैन ज्याचे खेळाडू दोन दिवस नक्की थांबणार आहेत त्यालाच परवडते, आणि थांबणाऱ्याला पर्याय नसेल तर त्या नाटकात प्रेक्षक कोण आणि ओलीस कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि एक शब्द राहिला. सूचना. मराठीत हा शब्द दोन्ही दिशांनी चालतो. वरून खाली आला की तो हुकमाच्या जवळचा असतो: सर्वांना सूचित करण्यात येते. खालून वर गेला की तो सल्ला होतो: हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. जमिनीच्या फेरफाराची नोटीस तलाठी चावडीवर लावतो ती हरकतीसाठी १५ दिवस ठेवूनच. कितीजण ती वाचतात तो भाग वेगळा, पण नोटिशीला हरकत जोडलेली असणं ही त्या कागदाची जातच आहे. गेमच्या सूचनेला हे अंग नाही. तिच्यात वेळ असते, माफी असते, भरपाई असते. उत्तर द्यायची जागा नसते.

युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला तेव्हा साडेतीन महिने आधी सांगितलं होतं. सूचना म्हणून बिनचूक. पण सर्व्हर गेल्यावर लोकांनी पैसे देऊन विकत घेतलेला गेम घरी एकट्यानेही चालेना. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघाकडे नागरिकांचा अर्ज गेला. जुलै २०२५ मध्ये त्यावरच्या सह्यांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला. मला त्यात चावडी दिसते. पुरेशी आधी दिलेली, नीट तारखेची, सभ्य भाषेतली नोटीस घेऊन लोक म्हणाले, आमची हरकत आहे.

आमच्या पोराची बारावी झाली. आता तो पूर्ण हंगामभर बागेत असतो. गेल्या नोव्हेंबरात निघायच्या आदल्या रात्री त्याने ग्रुपवर टाकलं: “मी उद्यापासून बंद. दिंडोरीकडे. द्राक्षं झाली की येईन. रेंज असली तर रात्री बघतो. माझी जागा कोणाला देऊ नका.”

मी मनातल्या मनात तपासलं. सुरुवातीची वेळ आहे, कारण आहे, शेवटची वेळ नाही. खाली तीन अंगठे आले, आणि मग एकाने विचारलं, “मग आता टाइम मराठीत कोण सांगणार?”